हाताने मोजलेली पावले : सणासुदीच्या दिवसांत वापरलेल्या एका फिटनेस बँडविषयी

वसुबारसेच्या आदल्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात पाटावर बसून करंज्यांच्या पाऱ्या लाटत होते. बसण्यापूर्वी मनगटावरच्या बँडवर 3,140 पावले दिसत होती. साठ पाऱ्या लाटून, सारण भरून आणि कातण्याने कडा कापून मी उठले, तेव्हा तेथे 3,982 हा आकडा होता. मधल्या दोन तासांत मी एकदाच उठले होते, तेही दारावरची घंटा वाजली म्हणून, आणि आमच्या स्वयंपाकघरापासून दारापर्यंत जाऊन-येऊन तीसहून अधिक पावले होत नाहीत. उरलेली आठशेवर पावले लाटणे चालले होते.

त्याच्या तीनच दिवस आधी नेमके उलटे घडले होते. दिवाळीच्या आठवड्यात लक्ष्मी रस्त्याच्या बाजूला स्वतःचे वाहन नेणे म्हणजे ते कोठे उभे करायचे याची काळजी विकत घेणे, म्हणून मी तुळशीबागेत आणि तेथून मंडईत पायीच गेले होते. परत येताना एका कोपरात पणत्या, उटणे आणि रांगोळीची पिशवी, दुसऱ्या कोपरात भाजीची पिशवी आणि दोन्ही हात छातीशी धरलेले, अशी पंचवीस मिनिटांची वाट चालून घरी पोहोचले. खांद्यावरच्या पर्समधल्या फोनने या वाटेत 2,260 पावले मोजली होती आणि मनगटावरच्या बँडने 1,310. बसून लाटलेल्या करंज्यांचे श्रेय मिळावे आणि ओझे घेऊन तुडवलेल्या रस्त्याचे मिळू नये, हा हिशेब बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला झोप लागू देणारा नव्हता. हे परीक्षण मुख्यतः त्यातूनच लिहिले आहे.

बँड मुलीने घटस्थापनेला दिला. वर्षभरापूर्वी माझी एचबीएवनसी ही रक्तातल्या साखरेची चाचणी 6.1 आली होती. हा आकडा 5.7 ते 6.4 च्या दरम्यान असला की त्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. डॉक्टरांनी गोळी न देता रोज अर्धा तास चालायला सांगितले होते, आणि ते मी पावसाळा संपेपर्यंत बरे पाळलेही होते. पण घटस्थापनेपासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे सुमारे एकेचाळीस दिवस हे आमच्या घरात चालण्याचे वैरी असतात. साफसफाई, पाहुणे, फराळ आणि खरेदी यांत सकाळचे फिरणे सर्वांत आधी बळी पडते आणि वर "दिवसभर पायाला भिंगरी आहे, वेगळे चालायला कशाला हवे" अशी आपणच आपली समजूत घालतो. ही समजूत खरी की खोटी, ते या यंत्राने सांगावे अशी माझी अपेक्षा होती. बँडची किंमत 2,399 रुपये. कंपनीचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी येतील त्या एका कंपनीच्या नसून मनगटावर बांधायच्या या सगळ्या जातीच्या आहेत, असे माझे मत आहे.

या यंत्राला पाय दिसत नाहीत, हे आधी समजून घेतले पाहिजे. त्यात तीन दिशांची हालचाल टिपणारा एक बारीक संवेदक असतो. आपण चालताना शरीराला आणि हाताला जे ठरावीक लयीतले हेलकावे बसतात, त्यांतले चढ तो मोजतो आणि एका चढाला एक पाऊल समजतो. लय सापडली की पाऊल, नाही सापडली तर काही नाही. लाटण्याला लय असते, नारळ खवण्याला असते, पितळेची समई चिंचेने घासण्याला तर फारच असते. म्हणून ही सारी कामे पावलांत जमा होतात. चकलीचा सोऱ्या फिरवताना मनगट दाबून धरलेले असते, त्यामुळे सर्वांत घाम काढणाऱ्या या कामाचे खात्यावर जवळजवळ शून्य पडते. रांगोळीचेही तसेच.

मात्र बँड मुळातच चुकार आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. मी त्याची एक साधी परीक्षा घेतली. सकाळी सोसायटीच्या आवारात उजव्या हातात जपमाळ घेतली, बँडचा डावा हात मोकळा सोडला आणि दर दहा पावलांना एक मणी ओढत पूर्ण माळ केली. 108 मण्यांची 1,080 पावले झाली. बँडने 1,061 दाखवली. शंभरात दोनाचीही चूक नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा केले तेव्हा 1,090 आली. सपाट जमीन, मोकळे हात आणि एकसारखी चाल असेल तर यंत्र विश्वासाचे आहे. अडचण एवढीच आहे की सणासुदीत सपाट जमीन, मोकळे हात आणि एकसारखी चाल या तिन्ही गोष्टी एका वेळी लाभत नाहीत.

याचा सर्वांत मजेशीर अनुभव फराळाच्या ताटांनी दिला. आमच्या आवारात तीन इमारती आहेत आणि अकरा घरांशी देणे-घेणे आहे. लाडू, चकली, चिवडा, करंजी आणि अनारसा मांडलेले, वर विणलेला रुमाल टाकलेले ताट माणूस कसे नेतो? दोन्ही हातांत, पोटाशी धरून, अनारसा घसरू नये म्हणून श्वाससुद्धा बेताने घेत. अकरा घरे, त्यांतली चार तिसऱ्या मजल्यावरची, उद्वाहन फक्त एका इमारतीला. जवळजवळ पाऊण तास मी वर-खाली करत होते. बँडने या सगळ्याची 190 पावले लिहिली. परतीच्या वेळी रिकामे ताट शेजारणी देत नाहीत, त्यात त्यांचा फराळ असतो, त्यामुळे येतानाही हात अडकलेलेच. मुलीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आई, अगं, मग ताट घरी ठेव आणि नुसत्या करंज्या लाट, दहा हजार होतील."

या दहा हजारांविषयी येथेच लिहिते. बँड हाती आला तेव्हा रोजचे लक्ष्य 10,000 पावले असे आधीच बसवलेले होते आणि ते पूर्ण झाले की पडद्यावर फटाके उडतात. हा आकडा एखाद्या वैद्यकीय संशोधनातून आला असावा असे मला वाटत होते. प्रत्यक्षात तो जपानमधून आला. टोकियोच्या 1964 च्या ऑलिंपिकनंतर तेथे व्यायामाविषयी उत्साह होता, आणि 1965 मध्ये यामासा या कंपनीने कमरेला लावायचे पावलांचे यंत्र विक्रीस आणले. त्याचे नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावले मोजणारे. नाव लक्षात राहणारे होते, आकडा गोल होता, आणि तो जगभर पसरला. पुढे 2019 मध्ये अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांच्या पावलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे 2,700 पावले चालणाऱ्यांपेक्षा सुमारे 4,400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि साधारण 7,500 नंतर तो फायदा आणखी वाढताना दिसला नाही. त्या स्त्रियांचे सरासरी वय 72 होते. माझे 61 आहे. मी लक्ष्य 7,000 वर आणून ठेवले. ते बदलता येते आणि बदलणे सोपे आहे, ही या बँडची जमेची बाजू.

त्या जपानी यंत्रातली एक गोष्ट मात्र आताच्या यंत्रांनी गमावली, असे मला या दिवसांत वारंवार वाटले. ते कमरेला लावायचे होते. कंबर लाटत नाही, खवत नाही, ताट धरत नाही. माणूस चालला तरच ती हलते. मनगटावर यंत्र आणल्याने नाडी मोजता आली, वेळ पाहता आली, पण घरातली सगळी हातांची कामे जिच्याकडे आहेत तिच्यासाठी पावलांचा आकडा गढूळ झाला. ज्यांचे हात दिवसभर खुर्चीच्या दांडीवर विसावलेले असतात, त्यांना ही अडचण जाणवणार नाही. आमच्या घरातही ती एका माणसाला जाणवली नाही, पण तो विषय वेगळा.

बरे, फोन खिशात ठेवून पावले मोजावीत, तर साडीला खिसा नसतो आणि घरात फोन चार्जिंगला लावलेला असतो. शेवटी मी एक वेडा वाटणारा उपाय केला. बँडचा पट्टा थोडा सैल करून तो पायाच्या घोट्यावर, पैंजणाच्या जागी बांधला. नाडी अर्थातच नीट दिसेनाशी झाली, पण दुसऱ्या खेपेला फराळाची ताटे घेऊन निघाले तेव्हा सात घरांची 1,240 पावले लागली आणि करंज्यांच्या दुसऱ्या घाण्याला एकही नाही. पट्टा माझ्या घोट्याला शेवटच्या भोकात जेमतेम बसतो. अंगाने भरलेल्या व्यक्तीला तो बसणार नाही. कंपनीच्या माहितीपत्रकात याचा उल्लेख कोठेही नाही, त्यामुळे हा उपाय ज्याने-त्याने आपल्या जबाबदारीवर करावा.

आता शतपावलीकडे येते, कारण माझ्या दृष्टीने बँडची खरी कसोटी तेथे होती. रात्रीच्या जेवणानंतर शंभर पावले टाकावीत ही आपल्याकडची जुनी रीत. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, म्हणून जेवणानंतर लगेचचे चालणे साखरेसाठी विशेष उपयोगी ठरते. अमेरिकेतील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये साठीपुढच्या दहा जणांवर केलेल्या एका छोट्या प्रयोगात, प्रत्येक जेवणानंतरचे पंधरा मिनिटांचे चालणे हे सकाळच्या सलग पंचेचाळीस मिनिटांच्या चालण्याइतकेच गुणकारी आढळले होते, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर आटोक्यात ठेवण्यात तर अधिक सरस. दहा माणसे म्हणजे फार नव्हेत, पण दिवाळीत जेथे सकाळचे सलग पाऊण तास मिळतच नाहीत, तेथे पंधरा मिनिटांचे तुकडे मिळू शकतात, हा त्यातला माझ्यापुरता अर्थ.

पहिले काही दिवस मी ही शतपावली घरातच करत होते. बाहेरच्या खोलीपासून ओट्यापर्यंत चौदा पावले, वळायचे, पुन्हा चौदा. वीस मिनिटांनी पाहिले तर बँडवर 410 पावले. असे का, याचा उलगडा नंतर झाला. एखादे भांडे उचलले, केस विंचरले, तर ते पाऊल समजले जाऊ नये म्हणून अशी यंत्रे सलग काही पावले लयीत पडेपर्यंत वाट पाहतात आणि मगच ती खात्यात धरतात. चौदा पावलांनंतर वळावे लागले की लय तुटते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून वाट पाहू लागते. तीच वीस मिनिटे आवारात चालले तेव्हा 1,920 पावले लागली. यंत्राच्या या खोडीचा मला फायदाच झाला, हे मान्य केले पाहिजे. घरातल्या येरझाऱ्यांना ते चालणे मानत नव्हते, आणि प्रामाणिकपणे पाहिले तर मीही दूरदर्शन पाहत, थांबत, फोन उचलत त्या घालत होते.

मग पाहुण्यांना पोचवायला जाणे सुरू केले. आपल्याकडे आलेल्या माणसाला दारातून निरोप देत नाहीत, फाटकापर्यंत जातात. मी फाटकाऐवजी बसथांब्यापर्यंत जाऊ लागले. जाताना गप्पांची गती, येताना एकटीची गती. येतानाची नऊ मिनिटे बँडवर मिनिटाला 108 ते 112 पावलांची दिसत. मिनिटाला सुमारे 100 पावले म्हणजे मध्यम श्रमाचे चालणे, असा ढोबळ हिशेब अभ्यासक धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे अशा मध्यम श्रमाची हालचाल करावी. हे प्रमाण पावलांत नसून मिनिटांत आहे, आणि बँडमधली मला सर्वांत आवडलेली सोय नेमकी याच जागी आहे. त्यात 'वॉकिंग' नावाचा एक स्वतंत्र प्रकार असतो. निघताना तो सुरू करायचा, परतल्यावर बंद करायचा. त्यात मिनिटे, गती आणि नाडी यांची वेगळी नोंद राहते, ज्यात करंज्या मिसळत नाहीत.

त्या नोंदींनी माझी समजूत पार मोडली. घटस्थापनेपासूनच्या दोन आठवड्यांत रोजच्या पावलांची सरासरी 9,300 होती आणि मी स्वतःवर खूश होते. त्याच दोन आठवड्यांत खरोखरीच्या चालण्याची मिनिटे आठवड्याला सत्तरच्या आसपास भरली होती. पायाला भिंगरी नव्हती, हाताला होती. दिवाळीच्या आठवड्यात पावलांकडे पाहणे सोडून मिनिटे धरली. दुपारी मंडईकडे एक फेरी, रात्री पाहुणे किंवा आवार, असे करून 155 मिनिटे झाली. नरक चतुर्दशीला पहाटे मात्र मी घरातच राहिले. फटाक्यांचा धूर जमिनीलगत बसलेला असताना दमदार चालणे म्हणजे तो धूर भरभरून आत घेणे, आणि हवा कशी आहे हे बँडला कळत नाही. त्या दिवशी दुपारी चार वाजता बाहेर पडले.

चढ त्याला कळत नाही, हीसुद्धा एक मोठी उणीव आहे. पाडव्याला आम्ही पर्वतीला गेलो. नानासाहेब पेशव्यांच्या काळातल्या या देवस्थानाला 103 पायऱ्या आहेत, ऐसपैस आणि उतरत्या. वर पोहोचले तेव्हा माझी नाडी बँडवर 131 दिसत होती, आणि पावलांच्या खात्यात मात्र ती चढण आवारातल्या तेवढ्याच सपाट पावलांच्या किमतीने लिहिली गेली होती. उंची ओळखायला हवेचा दाब मोजणारा संवेदक लागतो. तो महाग बँडमध्ये असतो, यात नाही. पुण्यासारख्या टेकड्यांच्या गावात तो असायला हवा होता. वर उभे राहून दिसणाऱ्या शहराविषयी लिहिण्याचा मोह आवरते.

नाडीच्या बाबतीत एक सूचना बांगड्या घालणाऱ्यांसाठी. बँडच्या पाठीमागे हिरवा प्रकाश असतो. तो त्वचेत जाऊन परत येतो आणि रक्ताच्या प्रवाहाबरोबर त्यात होणाऱ्या बदलावरून नाडी मोजली जाते. बँड पाटल्या-बांगड्यांच्या सोबत घातला की तो सरकतो, त्याखाली बाहेरचा उजेड शिरतो आणि आकडे वाटेल तसे येतात. भाऊबीजेला स्वस्थ बसलेली असताना मला 148 नाडी दिसली आणि क्षणभर भीती वाटली. बांगड्या उजव्या हातात नेल्यावर 76 आली. अभ्यंगस्नानाच्या वेळी तो काढूनच ठेवावा. पाण्याने काही होत नाही, पण तेल आणि उटणे काचेला चिकटते आणि मऊ कापडाने दोनदा पुसल्याशिवाय नाडी उमटत नाही.

तासभर बसून राहिले की बँड थरथरतो आणि पडद्यावर उठण्याची सूचना येते. ही सोय चांगली आहे, पण तिला मुहूर्त कळत नाही. लक्ष्मीपूजनाला गुरुजी संकल्प सांगत असताना तिने मला उठवण्याचा प्रयत्न केला. सूचनेच्या वेळा ठरवता येतात, हे मला नंतर समजले. संध्याकाळी सहानंतर ती आता गप्प असते.

मराठीची अवस्था मात्र वाईट आहे. ॲपमध्ये हिंदी आहे, मराठी नाही. फोनवर आलेले देवनागरी संदेश बँडच्या पडद्यावर मोडके दिसतात: वेलांटी अक्षरापासून सुटून पलीकडे जाते आणि जोडाक्षरे हलंतांसह तुटतात. दिवाळीच्या शुभेच्छांचे चाळीस संदेश मी अशा अवस्थेत वाचले. मराठी ग्राहकाकडून पैसे घेणाऱ्या कंपनीने जोडाक्षर नीट दाखवावे ही अपेक्षा अवास्तव नाही.

बाकीचे थोडक्यात. बॅटरी सात दिवस चालते असे डब्यावर लिहिले आहे, मला पाच दिवस मिळाले. ऑक्टोबरच्या उकाड्यात रबरी पट्ट्याखाली घामोळे आले; दीडशे रुपयांचा कापडी पट्टा बसवल्यावर गेले. उष्मांकांचा आकडा मी पाहणेच बंद केले, कारण तो बराचसा पावलांवरून काढलेला असतो आणि पावले करंज्यांची असतात. साठ किलोच्या माणसाचे एक किलोमीटर चालण्यात साधारण पन्नास-साठ उष्मांक खर्च होतात, एवढे लक्षात ठेवले की बेसनाचा दुसरा लाडू उचलावा की नाही हे यंत्राशिवायही ठरवता येते. मी उचलला.

हा बँड कोणी घ्यावा? ज्यांना निघताना 'वॉकिंग' सुरू करून परतल्यावर बंद करण्याची शिस्त लावून घेता येईल, त्यांनी घ्यावा. 2,399 रुपयांत मिनिटांची प्रामाणिक नोंदवही मिळते आणि तेवढ्यासाठी मी त्याला पाचपैकी साडेतीन गुण देते. ज्यांना केवळ रात्री पावलांचा आकडा पाहून समाधान हवे आहे आणि ज्यांच्या घरात फराळ घरीच होतो, त्यांनी पैसे वाचवावेत किंवा कमरेला लावायचे साधे यंत्र शोधावे. साखरेची पुढची चाचणी मी पौषात करणार आहे, कारण एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते आणि त्याआधी केली तर तिच्यात चालण्यापेक्षा अनारसेच अधिक दिसतील.

तुळशीच्या लग्नाला बँड घोट्यावर बांधून आवारातल्या सहा वृंदावनांना जाऊन आले. 1,870 पावले झाली. शेजारच्या काकूंनी पायाकडे पाहून विचारले, "हे काय, पैंजण एकाच पायात?"